गोल बाजार आणि संगणकातील आभासी डिस्क

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकाराने बोलणारे वक्ते होऊन गेले. त्यांच्या पंक्तीत मेनफ्रेम संगणकाच्या डिस्कवर बोलणाऱ्या एका निवृत्त कारागिराला कार्यकारी मंडळाने पाट मांडला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. विषयाचे नाव ऐकून काही मंडळींचे लक्ष चहाच्या भांड्याकडे वळलेले मला येथून दिसते आहे. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीत संगणकाच्या नोकरीवर परमुलखात आलेली माणसे थोडी नव्हती. त्यांतील कित्येकांची उमेद काचेच्या भिंतींच्या, थंडगार हवेच्या खोलीत रात्रपाळी करण्यात गेली. पहाटे घरी यावे, मुले शाळेला निघालेली असावीत, आणि ‘बाबा रात्रभर करतात तरी काय?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘मशीन पाहतो’ यापलीकडे उत्तर देता येऊ नये, असे वर्षानुवर्षे चालले. ती मुले आज पन्नाशीला आली. त्यांचे उत्तर राहून गेले आहे. ते आज थोडे द्यावे, असा माझा हेतू आहे.

आरंभी दोन शब्द इतिहासाचे. मुंबईत एस्सो कंपनीत १९६१ साली आय. बी. एम. कंपनीचा १४०१ हा संगणक आला. १९६८ साली मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९७८ साली आय. बी. एम.ने भारतातील आपला कारभार आवरला आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सी. एम. सी. या सरकारी कंपनीकडे आले. या सतरा वर्षांच्या काळात आपली अनेक मुले पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन या विद्येत शिरली, आणि पुढे त्या विद्येनेच त्यांना सातासमुद्रांपलीकडे नेले.

त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळा विचार रुजत होता. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील आय. बी. एम.च्या विज्ञान केंद्रात १९६४ साली रॉबर्ट क्रीझी आणि त्यांचे सहकारी अशा एका प्रणालीच्या कामाला लागले, की जिच्यामुळे एकाच मोठ्या यंत्रात अनेक यंत्रे नांदू शकतील. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावे, हा सबंध संगणक माझ्या एकट्याचा आहे. त्या प्रयत्नातून पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी व्ही. एम./३७० ही प्रणाली जाहीर झाली. तिचीच वंशज झेड/व्ही. एम. आजही मोठ्या यंत्रांवर चालते. यंत्रच आभासी झाले म्हटल्यावर त्याची डिस्कही आभासी हवी. त्या आभासी डिस्कला आम्ही ‘मिनिडिस्क’ म्हणत असू. ती कशी असते आणि ती बिघडली म्हणजे काय करावे, हा आजचा विषय.

मूळची डिस्क कशी होती ते आधी सांगतो. एकावर एक रचलेल्या, चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या आणि त्यांवर फिरणारे वाचन-लेखनाचे काटे, असे तिचे रूप. सगळ्या तबकड्यांवर एकाखाली एक येणारी जी वर्तुळे, त्यांचा मिळून एक सिलिंडर होतो. १९७० साली आलेल्या ३३३० या डिस्कच्या एका संचात असे ४०४ सिलिंडर होते आणि त्यात सुमारे १० कोटी अक्षरे मावत. १९८० च्या ३३८० या डिस्कमध्ये ८८५ सिलिंडर होते आणि सुमारे ६३ कोटी अक्षरे मावत. आज खिशातल्या टेलिफोनातही याच्या कितीतरी पट जागा असते, हे ऐकून हसू येईल. परंतु त्या काळी एवढ्या जागेत एका मोठ्या कार्यालयाचा सारा हिशेब, शेकडो माणसांचे पगार आणि गोदामाचा साठा नांदत असे.

आता या एका डिस्कमध्ये शंभर माणसांच्या शंभर डिस्का कशा मावतात, हे समजण्यासाठी मी आपणांस माझ्या गावी नेतो.

मी मूळचा रायपूरचा. म्हणजे आपण जे ‘घरापासून दूर’ म्हणतो, ते माझ्या बाबतीत कित्येक पिढ्यांपासूनच खरे आहे. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी भोसले १७५८ साली छत्तीसगडात रतनपूरला येऊन राहिले. पुढे १८१८ नंतर इंग्रजी देखरेखीच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. त्या येण्याजाण्यात जी मराठी घराणी तिकडे गेली, ती तेथलीच झाली. पंडित माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. त्यांचे नाव तिकडे आजही आदराने घेतात. रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरे, आणि तेथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर गोल बाजार.

गोल बाजार ही रायपूरची जुनी पेठ. मालवीय रोडवरून आत वळले की मसाल्यांचा, उदबत्तीचा आणि नव्या भांड्यांचा मिळून एक वास येतो. लग्नाची खरेदी असो, पूजेचे साहित्य असो, बांगड्या असोत की किराणा, रायपूरकराचे पाऊल आधी तिकडे वळते. दुकाने एकमेकांना इतकी खेटून, की एकाच्या हळदीची पूड दुसऱ्याच्या कुंकवावर बसावी.

कोणत्याही अशा पेठेकडे पाहा. जमीन एकच, अखंड. तिच्यावर दुकाने अनेक. प्रत्येक दुकानदार आपल्या उंबरठ्यापासून मोजतो. ‘पहिल्या फळीवर जिरे, तिसऱ्या फळीवर धने’ असे तो नोकराला सांगतो, तेव्हा ही तिसरी फळी सबंध बाजारात कितवी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ते माहीत असते एका कचेरीला. तिच्या दप्तरात नोंद असते की, अमुक दुकान अमुक खुंटीपासून सुरू होते आणि त्याची लांबी इतके हात. दुकानाचे अस्तित्व भिंतींइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या दप्तरात असते.

मिनिडिस्क ही अगदी अशीच असते. खऱ्या डिस्कवरील सलग काही सिलिंडर एका वापरणाऱ्याच्या नावे लावलेले असतात. समजा, एखाद्याची मिनिडिस्क १०० व्या सिलिंडरपासून सुरू होते आणि तिची लांबी ५० आहे. त्याच्या दृष्टीने त्याचे सिलिंडर ० ते ४९. तो म्हणतो, ‘माझ्या ३ क्रमांकाच्या सिलिंडरवर लिहा.’ मुख्य नियंत्रक प्रणाली दप्तर उघडते, ३ मध्ये १०० मिळवते आणि खऱ्या १०३ व्या सिलिंडरवर लिहिते. त्याने ६० वा सिलिंडर मागितला, तर ‘तुझी हद्द ४९ लाच संपते’ म्हणून त्याला परत पाठवते. हा पहारा चोख असतो, आणि म्हणून शंभर माणसे एका डिस्कवर सुखाने नांदतात.

मात्र हा पहारेकरी दप्तरावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. दप्तरच चुकले, तर तो चुकीची हद्द तितक्याच निष्ठेने राखतो. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल, तर ती ही न्यावी: आभासी वस्तू बिघडते तेव्हा बहुधा वस्तू शाबूत असते, दप्तर बिघडलेले असते, आणि दप्तर न पाहता वस्तू दुरुस्त करायला जाणारा माणूस राहिलेलेही घालवून बसतो.

याचा एक प्रत्यय मी सांगतो. कार्यालयाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. गुरुवारची सकाळ होती. भविष्यनिर्वाह निधीच्या विभागातील कारकुनाने आपली मिनिडिस्क उघडली, तर यंत्राने उत्तर दिले की, ही डिस्क आखलेलीच नाही. नवी डिस्क वापरण्यापूर्वी तिच्यावर रकाने आखावे लागतात. त्याला ‘फॉरमॅट’ करणे म्हणतात. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेथे शेकडो कामगारांच्या पुंजीचा हिशेब होता, तेथे आज कोरी पाटी असल्याचे यंत्र सांगत होते. त्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या कामगारांचे धनादेश त्या हिशेबावर अवलंबून होते. आमच्यातील एक तरुण सहकारी यंत्राच्या सांगण्याप्रमाणे डिस्क पुन्हा आखायला निघाला. आज्ञा टंकून झाली होती. शेवटची कळ दाबायची राहिली होती.

आमच्या पाळीचे प्रमुख वयस्क आणि मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि एवढेच विचारले, ‘शेजारी कोण राहतो?’

मग दप्तर काढले. त्या विभागाची मिनिडिस्क १४९ व्या सिलिंडरपासून सुरू होत होती आणि तिची लांबी २० होती. तिच्या आधीची मिनिडिस्क गोदाम विभागाची. ती १०० पासून सुरू होणारी, ५० लांबीची. आता बोटांवर मोजून पाहा. १०० पासून ५० सिलिंडर म्हणजे शेवटचा १४९ वा. तो गोदामाचा. निधी विभागाची हद्द १५० पासून सुरू व्हायला हवी होती. सात महिन्यांपूर्वी ती नोंद घालताना एका अंकाची चूक झाली होती, आणि १४९ वा सिलिंडर दोन्ही घरांच्या नावे लागला होता.

मग सात महिने काहीच कसे झाले नाही? कारण माणूस दुकानाची मागची फळी सर्वांत शेवटी भरतो. गोदामाचा शेवटचा सिलिंडर सात महिने रिकामाच होता. बुधवारी महिनाअखेरचे मोठे काम रात्री चालले, डिस्क भरत भरत शेवटच्या सिलिंडरला टेकली, आणि गोदामाच्या नोंदी निधी विभागाच्या पहिल्या सिलिंडरवर उतरल्या. ज्याने लिहिले त्याला कसलाही त्रास नाही. त्याच्या नोंदी जशाच्या तशा. ज्याचा काही संबंध नाही, त्याच्या दाराची पाटी मात्र पुसली गेली. कारण डिस्कचे नाव आणि तिच्यातील साऱ्या नोंदींची अनुक्रमणिका पहिल्या सिलिंडरवरून सापडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते यालाच.

आता ती शेवटची कळ दाबली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. १४९ ते १६८ हे वीसही सिलिंडर पुसले गेले असते. निधी विभागाचे जे काही मागच्या सिलिंडरांवर वाचले होते, ते गेले असते. आणि त्याबरोबर गोदामाच्या महिनाअखेरच्या नोंदीही गेल्या असत्या. एका चुकीतून दोन अपघात झाले असते. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्या जागी निधी विभागाची आखणी खरोखरच राहिली नव्हती. ते सांगणे म्हणजे रोगाचे लक्षण होते. आमच्या सहकाऱ्याने त्याला औषधाची चिठ्ठी समजले.

पुढे जे केले ते क्रमाने सांगतो, कारण सारी विद्या त्या क्रमात आहे. प्रथम दोन्ही विभागांना आपापल्या डिस्कवर लिहिणे थांबवायला सांगितले. मग दोन्ही मिनिडिस्कांची, आहे त्या स्थितीत, टेपवर अक्षरशः नक्कल काढली. बिघडलेल्या वस्तूचीही आधी प्रत काढावी, कारण दुरुस्तीत ती आणखी बिघडू शकते. नंतर दप्तरातील त्या डिस्कच्या सर्व नोंदी आरंभाच्या क्रमाने लावून कोठे हद्दी एकमेकींवर चढल्या आहेत, कोठे मोकळी जागा आहे, याचा तक्ता केला. हे काम करणारा ‘डिस्कमॅप’ नावाचा कार्यक्रम प्रणालीतच असे. पण कागद-पेन्सिलीने पडताळा घेण्याची आमच्या प्रमुखांची शिस्त होती. तक्त्यातील एका मोकळ्या जागी निधी विभागासाठी २० सिलिंडर नव्याने लावून दिले, तेथे आखणी केली आणि रविवारी रात्री काढून ठेवलेल्या टेपवरून हिशेब परत आणला. सोमवार, मंगळवार आणि बुधवार या तीन दिवसांच्या नोंदी मूळ कागदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या. गोदामाच्या नोंदी एक-एक फाइल उघडून तपासल्या. त्या शाबूत निघाल्या. निवृत्तांचे धनादेश वेळेवर गेले. त्या कामगारांना यातले काहीच कळले नाही, आणि ते कळू नये यातच आमच्या धंद्याचे यश होते.

हद्दी एकमेकींवर चढणे हा या रोगांतील सर्वांत घातकी रोग. बाकीचे चार त्यामानाने नेहमीचे आहेत. ते थोडक्यात सांगतो.

पहिला, दोन मुनीम आणि एक खतावणी. एकाच मिनिडिस्कवर दोघांना लिहिण्याचा अधिकार दिला की हा उद्भवतो. ही साधी डिस्क वापरणारा प्रत्येक जण आरंभी तिची अनुक्रमणिका आपल्या स्मृतीत उतरवून घेतो आणि कोणती पाने कोरी आहेत ते त्यावरून ठरवतो. दोघांच्याही यादीत चाळिसावे पान कोरे असते. दोघेही त्यावर लिहितात. शेवटी ज्याची अनुक्रमणिका डिस्कवर उतरते त्याचे खरे ठरते आणि पहिल्याचे काम नाहीसे होते. दोघेही प्रामाणिक, तरी खतावणी खोटी. उपाय एकच: लिहिणारा एक असावा, वाचणारे कितीही असोत.

दुसरा, शिळी यादी. वाचणाऱ्याने सकाळी अनुक्रमणिका उतरवून घेतली. दुपारी लिहिणाऱ्याने नवी फाइल घातली. वाचणारा तक्रार करतो की, फाइल नाही. फाइल असते, त्याची यादी शिळी असते. त्याने डिस्क पुन्हा उघडावी, एवढाच उपचार. याचाच एक भाऊबंद दप्तराच्या बाबतीत आढळतो. दप्तराची एक लेखी प्रत असते आणि एक यंत्राने चालू कामासाठी उतरवून घेतलेली. लेखी प्रत सुधारली पण चालू दप्तर पालटण्याची आज्ञा दिली नाही, तर कागदावर सर्व ठीक दिसते आणि कारभार जुन्याच हद्दींवर चालू राहतो. म्हणून तपासताना विचारावे: मी पाहतो आहे ते दप्तर, आणि यंत्र ज्यावर चालते ते दप्तर, एकच आहेत ना?

तिसरा, जागा संपणे. ‘माझी डिस्क थोडी वाढवून द्या’ अशी मागणी रोजची असे. पण दोन्ही बाजूंना शेजारी असलेले दुकान फुग्यासारखे फुगवता येत नाही. बाजारात दुसरीकडे मोठी जागा पाहावी, तेथे फळ्या माराव्या, माल हलवावा, तो मोजून घ्यावा, आणि मगच जुन्या जागेची किल्ली परत करावी. हा क्रम उलटा करणाऱ्यांची फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

चौथा, आठवडी बाजारातील पाल. १९९० च्या दशकात व्ही. एम. प्रणालीत आणखी एक आभासी डिस्क आली. तिच्याखाली खरी तबकडीच नसते. ती संगणकाच्या स्मृतीतच उभी राहते, म्हणून अतिशय वेगवान असते. तात्पुरत्या कामाला ती फार सोयीची. मात्र ती आठवडी बाजारातील पालासारखी असते. मालक काम आटोपून यंत्रातून बाहेर पडला आणि तिला वापरणारे दुसरे कोणी उरले नाही, की पाल उठते आणि आतला माल त्याबरोबर नाहीसा होतो. ‘काल होते, आज नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येत. त्यांना सांगावे लागे, ‘अहो, यात बिघाड नाही, तिचा स्वभावच तो. आपण पालात तिजोरी ठेवलीत.’ शिवाय अशी पाले फार झाली की स्मृतीवर ताण पडून सबंध यंत्र मंद होते. म्हणून त्यांच्यावर एकूण किती आणि माणशी किती, अशी मर्यादा घालावी लागते.

या सगळ्या रोगांवरचा उपचार एका सूत्रात सांगता येतो: आधी हात थांबवा, मग दप्तर पाहा, मग मोजा, मग प्रत काढा, आणि त्यानंतरच दुरुस्ती करा. रात्री तीन वाजता, टेलिफोन वाजत असताना आणि वरिष्ठ मागे उभे असताना हा क्रम पाळणे, हेच तुमच्या बाबांचे रात्रपाळीचे काम होते. कळा दाबण्यापेक्षा कळ न दाबण्यालाच त्यांना अधिक धैर्य लागे.

आता कोणी म्हणेल की, ही जुनी यंत्रे आणि जुने रोग. आमचा आता काय संबंध? संबंध पूर्वीपेक्षा अधिक आहे. आज आपली छायाचित्रे, पत्रे, कागदपत्रे ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तेथे असतात. तो क्लाउड म्हणजे दूरच्या कोठल्या तरी इमारतीतील खऱ्या डिस्कांवर लावून दिलेली आभासी दुकानेच. तेथेही एक दप्तर आहे. फक्त ते आपल्या हाती नाही. तेथेही पालासारख्या तात्पुरत्या जागा आहेत. आणि तेथे एक नवा भ्रम उत्पन्न झाला आहे. टेलिफोनातले चित्र क्लाउडवर दिसते, म्हणजे त्याच्या दोन प्रती झाल्या, असे लोक धरून चालतात. पुष्कळदा ते एकमेकांचे आरसे असतात. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. आरशातल्या प्रतिबिंबाला प्रत म्हणू नये. प्रत ती, जी मूळ पुसले तरी राहते.

हे मी आपल्या मंडळाला का सांगतो आहे, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. पन्नास वर्षांत आपण पुष्कळ जमवले. पहिल्या गणेशोत्सवाची छायाचित्रे, नाटकांच्या ध्वनिफिती, सभांची इतिवृत्ते, मराठी शाळेतील मुलांच्या हस्ताक्षरांची पाने. यांतले काही कोणाच्या तळघरात खोक्यात आहे, काही फ्लॉपीवर आहे आणि ती वाचणारे यंत्र घरात राहिलेले नाही, काही एखाद्या माजी चिटणिसाच्या खात्यात आहे आणि त्याचा परवलीचा शब्द त्यालाच ठाऊक आहे. वस्तू आहेत, दप्तर नाही. ज्या दिवशी तो चिटणीस आपल्यातून जाईल, त्या दिवशी त्या वस्तू शाबूत असूनही आपल्या दृष्टीने नाहीशा होतील. निधी विभागाच्या डिस्कचे त्या गुरुवारी जे झाले, तेच.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक: मंडळाने एक दप्तर करावे. साध्या कागदी वहीत, मराठीत, काय कोठे आहे आणि कोणाकडे आहे ते लिहावे, आणि वहीच्या दोन प्रती दोन घरी ठेवाव्या. दोन: मूळ संग्रहात भर घालण्याचा किंवा काही पुसण्याचा अधिकार एका वेळी एकाच व्यक्तीला असावा, पाहण्याचा सर्वांना. तीन: प्रत्येक वस्तूची अशी एक प्रत असावी, जी आरसा नाही, आणि ती दुसऱ्या घरी असावी. चार: दर वर्षी एकदा, दिवाळीनंतरच्या सभेत, त्या प्रतीतील कोणतीही चार पाने उघडून पाहावीत. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते. आमच्या धंद्यात टेप काढणारे पुष्कळ होते. ती टेप परत चढवून पाहणारे थोडे, आणि प्रसंगाला तेच उपयोगी पडले.

‘आभासी’ या शब्दाविषयी एक बोलून थांबतो. हा शब्द ऐकला की आपल्याला मृगजळ आठवते, फसवणूक आठवते. माझा आयुष्यभराचा अनुभव असा की, आभासी डिस्क खोटी नसते. तिच्यावर ठेवलेला कामगाराचा पैसा खरा असतो. दप्तर सांभाळणारे कोणी तरी जागे आहे, तोवर ती खऱ्याइतकीच खरी असते. आपल्या मंडळाजवळ या देशात स्वतःची हातभर जमीन नव्हती. शाळेची सभागृहे भाड्याने घेऊन, शनिवारी तीन तास, आपण पन्नास वर्षे येथे महाराष्ट्र मांडला आणि रात्री खुर्च्या जागेवर लावून परत दिल्या. तो महाराष्ट्र खरा होता, कारण त्याची नोंद ठेवणारी माणसे होती. ती नोंद पुढच्या पन्नास वर्षांच्या हाती नीट सोपवावी, एवढेच मागणे आहे.

 चहा आता खुशाल घ्यावा.